चार वह्या

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुलांच्या वसतिगृहात मी १९ वर्षे रेक्टर होतो. २०२४ साली निवृत्त झालो. या काळात चार वह्या माझ्या देखरेखीखाली लिहिल्या जात होत्या, पण त्या चारही एकाच वेळी माझ्या टेबलावर कधी आल्या नाहीत. पहिली फाटकावरची, म्हणजे कोण केव्हा बाहेर गेला आणि कोण रविवारी गावी गेला याची. दुसरी मेसच्या मावशींची, जिच्यात जेवणाचे खाडे मांडले जात. तिसरी कार्यालयातली, फीच्या हप्त्यांची. चौथी आजारी मुलांची, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांसाठी ठेवलेली. पाचवा एक कागद होता, दर सोमवारी फलकावर लागणारा, साप्ताहिक चाचणीच्या क्रमांकांचा. तो मात्र सगळे वाचत असत. मुले वाचत, पालक फोनवर फोटो मागवून वाचत, मीही वाचत असे.

जानेवारी २०१५ मध्ये बारावीच्या एका मुलाने आमच्या वसतिगृहात स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला. तो वाचला. कसा प्रयत्न केला हे मी इथे लिहिणार नाही. लपवाछपवीसाठी नव्हे, तर असे तपशील वाचणाऱ्या एखाद्या खचलेल्या माणसाच्या हाती आयती वाट देतात, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे म्हणून. त्याच्या खोलीतल्या मुलांनी वेळेवर दार ठोठावले, रिक्षावाल्याने लाल दिवे पाहिले नाहीत आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला नाही, एवढे सांगितले तरी पुरे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस जबाब घ्यायला आले. तेव्हा भारतीय दंड संहितेचे ३०९ कलम लागू होते, म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. ते कलम काढून टाकण्याचा विचार असल्याचे केंद्र सरकारने महिन्याभरापूर्वीच जाहीर केले होते, पण विचाराने कलम रद्द होत नसते. अतिदक्षता विभागात पडलेला १७ वर्षांचा मुलगा कायद्याच्या भाषेत त्या दिवशी गुन्ह्याच्या उंबरठ्यावर होता. हवालदार समंजस होते. त्यांनी मला हलक्या आवाजात विचारले, "कारण काय लिहू, सर?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "अभ्यासाचा ताण." त्यांनी लिहिले, मी सही केली. आपण खोटे बोललो असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. फलकावरच्या कागदावर तो तीन महिन्यांत चाळिसाव्या क्रमांकावरून एकशे तिसाव्या क्रमांकावर गेला होता, आणि मला ठाऊक होते ते तेवढेच.

बाकीच्या चार वह्या मी त्यानंतरच्या आठवड्यात एकत्र मागवल्या. त्यासाठी असे काही घडावे लागले, ही माझ्या नोकरीतली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे. मेसच्या वहीत डिसेंबरमध्ये त्याचे १७ खाडे होते. मावशींनी एकदा विचारलेही होते, "का रे लेकरा, जेवण गोड लागंना का?" त्यावर तो "जेवण जात नाही, मावशी" एवढेच म्हणाला होता. आजारी मुलांच्या वहीत त्याचे नाव तीनदा होते, दोनदा डोकेदुखीसाठी आणि एकदा झोप येत नाही म्हणून, आणि तिन्ही वेळा पित्ताच्या गोळ्या दिल्याची नोंद होती. कार्यालयातल्या वहीत दुसरा हप्ता थकलेला होता. नंतर कळले की रांगेत उभा असताना लिपिकाने त्याला सर्वांसमोर दोनदा परत पाठवले होते. फाटकाच्या वहीप्रमाणे दर पंधरा दिवसांनी गावी जाणारा हा मुलगा दिवाळीनंतर एकदाही गेलेला नव्हता.

आणि जे कोणत्याच वहीत नव्हते ते मला त्याच्या वडिलांनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात सांगितले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली तिने त्यांची उभी ज्वारी आणि हरभरा झोपवला. त्यानंतरचा खरीप पावसाअभावी गेला. मधल्या काळात त्या मुलाच्या सख्ख्या चुलत्याने स्वतःचा जीव घेतला होता. घरात त्याविषयी कोणी बोलत नव्हते. मुलाला चुलत्याचा लळा होता, हे सांगताना वडील उपरण्याचे टोक दातांत धरून बसले होते.

आता या सगळ्यात कारण कोणते? चुलत्याचा मृत्यू, न येणारी झोप, थकलेला हप्ता, रांगेतला अपमान, एकशे तिसावा क्रमांक? प्रश्नच चुकीचा आहे, हे कळायला मला आणखी काही वर्षे लागली. कारण आणि जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारण एक असते, किंवा निदान जबाबाच्या कागदावर एकच मावते. जोखीम थराथराने साचते, आणि शेवटचा थर सर्वांना दिसतो म्हणून आपण त्यालाच कारण म्हणतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी जे आकडे प्रसिद्ध करतो ते याच जबाबांतून वर गेलेले असतात. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते, आणि राज्यांमध्ये विद्यार्थ्यांची सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्रातली होती. वर्तमानपत्रांत अशा बातमीसोबत हमखास परीक्षा केंद्राचे छायाचित्र असते. पण त्याच अहवालात 'परीक्षेतील अपयश' या कारणाखाली सुमारे दोन हजार नोंदी आहेत. या सगळ्या विद्यार्थ्यांच्याच धरल्या, तरी सहा विद्यार्थ्यांमागे साधारण एक. उरलेले कौटुंबिक समस्या, आजार, प्रेमप्रकरण अशा रकान्यांत विभागलेले आहेत, आणि त्या रकान्यांवरही माझा फारसा विश्वास नाही, कारण ते माझ्यासारख्यांनीच सांगितलेले असतात. त्या रात्री तो मुलगा वाचला नसता, तर त्याची नोंद चुलत्याच्या रकान्यात गेली नसती, झोपेच्या रकान्यात गेली नसती. झोपेला रकानाच नाही.

झोपेविषयी थोडे थांबून लिहायला हवे, कारण आमच्याकडे तिची थट्टा होते. रात्री दोनपर्यंत दिवा जळणारी खोली ही वसतिगृहात कौतुकाची बाब असते. तो दिवा अभ्यासासाठी जळतो की झोप येत नाही म्हणून, हे बाहेरून कळत नाही. पहाटे तीनला जाग येणे, पुन्हा डोळा न लागणे, मन सुन्न होणे, भूक मरणे, आवडीच्या गोष्टीत जीव न रमणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत, आणि सलग निद्रानाश हा तर स्वतंत्रपणे जोखीम वाढवतो. पण आपली मुले "मला नैराश्य आले आहे" असे म्हणत नाहीत. ती म्हणतात, डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, मन लागत नाही, जेवण जात नाही. किंवा मग सगळ्यावर एकच शब्द, टेन्शन. या शब्दाने फार नुकसान केले आहे. चाचणीच्या आदल्या रात्रीची हुरहूर आणि जगण्याचा वीट येणे, दोन्ही त्याच पोतडीत जातात, आणि ऐकणारा पहिलीच गोष्ट समजून पाठीवर थाप मारतो. बंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७ टक्क्यांहून अधिक मुलांना काही ना काही मानसिक विकार आढळला होता. आमच्या वसतिगृहात तेव्हा २१२ मुले होती. हिशेब कोणालाही करता येईल, आणि आम्ही मात्र वर्षाला जेमतेम एखाद्या मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवत होतो, तेही तो वर्गात बेशुद्ध पडला तर.

घटनेनंतर संस्थेतून मला तोंडी आदेश आला, 'धोक्याच्या' मुलांची यादी करा. मी प्रामाणिकपणे बसलो. घरी कर्ज, आई-वडिलांपैकी कोणी नाही, गुण घसरलेले, वर्षभराचा ड्रॉप घेतलेला रिपीटर, फारसा न बोलणारा, घरात दारू, प्रेमभंगाची कुजबुज, दीर्घ आजार. यादी ८० च्या पुढे गेली तेव्हा मी पेन खाली ठेवले. २१२ पैकी ८० मुलांना धोक्याची म्हणायचे, आणि तरीही ज्याने प्रयत्न केला तो मुलगा पहिल्या महिन्यात या यादीत नसता, हेही दिसत होते. पुढे कधीतरी वाचनात आले की २०१७ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले, आणि जोखमीच्या घटकांवरून कोण आत्महत्येकडे वळेल याचा अंदाज नाणेफेकीपेक्षा फार बरा ठरत नाही असे त्यांना आढळले. मला ते वाचून निराशा वाटली नाही, उलट बरे वाटले. जोखमीचे घटक हे मुलांची चाळण करण्याचे साधन नाही. ज्या ज्या ठिकाणी हात लावता येतो त्या ठिकाणांची ती नावे आहेत. हप्ता पुढे ढकलता येतो. खाडे दिसले की विचारता येते. झोपेसाठी पित्ताची गोळी न देता योग्य डॉक्टर दाखवता येतो. त्यासाठी तो मुलगा ८० जणांत आहे की नाही हे ठरवण्याची गरजच नसते.

एक थर असा आहे की तो वहीत येत नाही आणि यादीतही येत नाही. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला आलेली मुले नव्या मुलाला पहिल्याच दिवशी विचारत, "कितीला मिळालं?" वरवर हा गुणांचा प्रश्न असे. खरा प्रश्न प्रवर्गाचा असे, आणि विचारणारा व विचारला जाणारा दोघांनाही ते ठाऊक असे. उत्तरानंतर कोणी कोणाच्या ताटाशेजारी बसायचे, कोणाच्या नोट्स कोणाला मिळायच्या, हे न बोलता ठरत जाई. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. जळगाव जिल्ह्यातून, तडवी भिल्ल समाजातून आलेली ही मुलगी सगळ्या परीक्षा पार करून स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचली होती. जातीवरून छळ झाल्याचा तिच्या कुटुंबाचा आरोप न्यायालयापुढे आहे. त्याच वर्षी तिच्या आईने आणि २०१६ साली आत्महत्येने गेलेला हैदराबादचा संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याच्या आईने मिळून शिक्षणसंस्थांमधल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्या बाबतीत 'अभ्यासाचा ताण' हे उत्तर कोणाला देता आले असते? मी ती बातमी वाचली आणि "कितीला मिळालं?" हा प्रश्न मी १४ वर्षे हसत ऐकून सोडून दिला होता, ते आठवले. त्या मुलालाही तो विचारला गेला होता का, हे मी त्याला कधीच विचारले नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हे सगळे लिहायला घेतले. मुलगा नवव्या दिवशी रुग्णालयातून सुटला. दहाव्या दिवशी संस्थेत बैठक झाली. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली होती, पालकांचे फोन येत होते आणि वार्ताहर फाटकापर्यंत येऊन गेला होता. एका वाक्यात निर्णय झाला: जबाबदारी आपण घेऊ शकत नाही, मुलाने घरूनच परीक्षेला बसावे, आणि वसतिगृहातले सामान पालकांनी न्यावे. पुढच्या वर्षासाठी टी. सी. तयार ठेवावी असेही ठरले. पत्राचा मसुदा मी लिहिला. "आपल्या पाल्याच्या हितासाठी" अशी त्याची सुरुवात होती. वडील सामान न्यायला आले तेव्हा हात जोडून म्हणाले, "सर, लेकरू चुकलं. पदरात घ्या." चूक मुलाची आहे, हे त्यांनीही मानले होते. मी ट्रंकेच्या दुसऱ्या कडीला हात लावला आणि ती जीपपर्यंत नेऊन दिली. त्यापलीकडे मी काही केले नाही.

त्या वेळी मला जे ठाऊक नव्हते ते असे. पूर्वी केलेला प्रयत्न हा आत्महत्येच्या जोखमीतला सर्वांत ठळक घटक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने सर्वांत नाजूक असतात. म्हणजे ज्या आठवड्यात त्या मुलाला माणसे सर्वांत जास्त हवी होती, त्याच आठवड्यात आम्ही त्याच्याकडून खोली, मित्र, मेसच्या मावशी आणि 'विद्यार्थी' ही ओळख एकदम काढून घेतली, आणि ज्या घरात चुलत्याच्या मृत्यूविषयी कोणी बोलत नव्हते त्याच घरात त्याला पाठवले. इतर कोणत्याही वहीतल्या नोंदीपेक्षा मोठी जोखीम आम्ही आमच्या लेटरहेडवर टंकून दिली होती.

याच विषयावर चेन्नईसह पाच देशांतल्या पाच शहरांत झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला होता. प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ माणसांचे दोन गट केले होते. एकाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाशी रुग्णालय सोडताना तासभर नीट बोलणे झाले, आणि पुढच्या दीड वर्षात ठरलेल्या अंतराने नऊ वेळा कोणीतरी फोन केला किंवा घरी जाऊन विचारपूस केली. दीड वर्षानंतर पहिल्या गटात आत्महत्येने गेलेल्यांचे प्रमाण २.२ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ०.२ टक्के. औषध नवे नव्हते, यंत्र नव्हते. नऊ वेळा विचारपूस, एवढाच फरक होता. आम्ही पत्र लिहायला बसलो त्या दिवशी हा अभ्यास सात वर्षांचा जुना झाला होता. नऊ फोन. माझ्या टेबलावर संस्थेचा फोन होता आणि त्याचे बिल संस्था भरत होती.

दोन वर्षांनी त्याच गावचा एक मुलगा प्रवेशाला आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखे दाखवून त्याची चौकशी केली. तो पुण्याला कामाला लागला आहे, एवढे कळले. मला सुटल्यासारखे वाटले, आणि त्या सुटकेत माझे काहीच कर्तृत्व नाही हेही लगेच जाणवले.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याचे ११५ वे कलम म्हणते की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३०९ सारखे सरसकट कलमच नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये, असे त्यात आहे. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. घरी वर्तमानपत्र वाचताना आमच्या फलकावरचा सोमवारचा कागद डोळ्यांपुढे आला. तो अजून लागतो का, हे मी मुद्दाम कोणाला विचारलेले नाही.

कायदा बदलला तरी वसतिगृहातली भीती तीच होती, कारण तिचा संबंध कलमाशी कमी आणि नावलौकिकाशी जास्त होता. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा पुन्हा आल्यापासून, म्हणजे २०१६ नंतर, शहरात मुलांची संख्या वाढतच गेली. २०२४ साली देशभरात त्या परीक्षेसाठी सुमारे २४ लाख अर्ज आले आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. एवढ्या गर्दीत कोणत्याही संस्थेला आपल्याकडे 'तसले काही' घडले हे नको असते. मला याचा राग येतो, पण मी त्या रागाच्या बाहेर उभा राहून बोलू शकत नाही.

शेवटच्या काही वर्षांत मी एकच बदल करू शकलो. दर शनिवारी दुपारी मावशी, लिपिक, फाटकावरचे मामा आणि मी असे चौघे चार वह्या घेऊन चहाला बसू लागलो. सुरुवातीला लिपिकाला हा वेळेचा अपव्यय वाटे. मग एक दिवस मावशींनी एक नाव घेतले आणि मामांनी त्याच नावावर बोट ठेवले, तेव्हापासून तो वेळेवर येऊ लागला.

ते नाव २०२३ च्या नोव्हेंबरमधले. रिपीटर, धाराशिव जिल्ह्यातला, अबोल. खाडे अकरा, गावी जाणे बंद, आणि नवी स्वेटर व चांगले घड्याळ खोलीतल्या मुलांना देऊन टाकलेले. हे शेवटचे मामांना ठाऊक होते. मी संध्याकाळी त्याला खोलीत बोलावले. असा प्रश्न थेट विचारला तर डोक्यात नसलेला विचार आपणच घालू, ही भीती मलाही होती. न्यूयॉर्कच्या शाळांमधल्या २,३०० हून अधिक मुलांवर केलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तसे काही होत नसल्याचे दिसले होते, आणि आधीच खचलेल्या मुलांना उलट थोडे हलके वाटले होते. तरीही वाचणे वेगळे आणि समोर बसलेल्या पोराला विचारणे वेगळे. मी आधी जेवणाचे विचारले, मग झोपेचे. मग म्हणालो, "बाळा, जीव द्यावासा वाटतो का कधी?"

तो बराच वेळ खिडकीच्या गजांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, रोज."

मी त्याला उपदेश केला नाही. आई-वडिलांचा विचार कर असे म्हणालो नाही, कारण तो दुसरे काही करतच नव्हता. कधीपासून, किती वेळा, आज रात्रीचे काही ठरवले आहे का, एवढे विचारले आणि त्याने सांगितले. मग आम्ही दोघांनी मिळून १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावला. वर्षभरापूर्वी सुरू झालेली ही सरकारी सेवा चोवीस तास चालते आणि मराठीत बोलते. फोन स्पीकरवर होता, पलीकडच्या बाईंचा आवाज शांत होता. मधेच मी उठून बाहेर जाऊ का असे त्याला खुणेने विचारले, त्याने मान हलवून नको म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन गेलो, वडिलांना बोलावून घेतले, आणि या वेळी संस्थेला पत्र लिहिताना "पाल्य वसतिगृहातच राहील" हे वाक्य सर्वांत वर लिहिले. पण ते सगळे नंतरचे.

त्या रात्री फोन संपला तेव्हा पावणेदहा झाले होते. मेस नऊला बंद होते. आम्ही खाली गेलो, तर दिवा चालू होता आणि मावशींनी दोन ताटे झाकून ठेवली होती.